ग्वाल्हेरचं ऊन, तिघऱ्याचं पाणी आणि आमच्या कोंबड्या

कोंबड्यांना खायला काय घालता हे विचारणारे पुष्कळ भेटतात, पाणी कसं ठेवता हे मात्र आजवर मला कोणी विचारलेलं नाही. आणि मी तर म्हणते ग्वाल्हेरात कोंबडी नीट अंडी घालणार का नुसती बसून खाणार हे निम्म्याच्या वर पाण्यावर ठरतं. अंड्यात जवळजवळ पाऊण भाग पाणीच असतं, ते कुठून येणार? साधारण हिशोब असा की कोंबडी जेवढा दाणा खाते त्याच्या दुप्पट वजनाचं पाणी पिते, म्हणजे शंभर-सव्वाशे ग्रॅम दाणा खाणारी कोंबडी पाव लिटर पाणी, आणि मे-जूनमध्ये तेच अर्ध्या लिटरच्या घरात जातं. पाणी संपलं की ती दाण्याला पण तोंड लावत नाही, कोरडा भुगा घशाखाली उतरणार कसा.

आमचं घर ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, जुनंच, मागे अंगण आहे आणि अंगणात एक मोठा कडुनिंब, त्याच्या सावलीला पत्र्याचं आणि जाळीचं खुराडं. डझनभर कोंबड्या असतात, एखाद-दुसरी कमीजास्त. बहुतेक गावठी आणि काही कडकनाथ, तेच आपल्या मध्यप्रदेशातले झाबुआचे काळे, ज्यांना २०१८ मध्ये जीआय टॅग मिळाला. लोकांना वाटतं कडकनाथ म्हणजे अंड्यांचा पाऊस. अजिबात नाही हो, गावठीपेक्षा जास्त काही घालत नाहीत, अंडंही लहान आणि फिकट बदामी रंगाचं, काळं वगैरे नसतं. पण काटक असतात, उन्हाला पण आणि आजाराला पण. सासूबाई स्वतः अंडं खात नाहीत पण त्यांच्या माहेरी मुरारला कोंबड्या होत्या, त्यामुळे खुराड्याच्या बाबतीत घरात शेवटचा शब्द त्यांचा, निदान त्यांना तसं वाटतं.

तर उन्हाळा. एप्रिलच्या मध्यापासून इथे लू सुरू होते आणि नवतपा, म्हणजे मे अखेरीचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, संपेपर्यंत, खरं तर पहिला पाऊस पडेपर्यंत, दुपारी बाहेर माणूस दिसत नाही. कोंबडीचं स्वतःचं अंग मुळातच ४१ अंशाच्या आसपास असतं आणि इथे हवा ४५ ला जाते, म्हणजे हवाच कोंबडीपेक्षा गरम, मग ती अंगातली उष्णता टाकणार कुठे? घाम तिला येत नाही. एकच रस्ता उरतो, चोच उघडून धापा टाकायच्या आणि श्वासातून वाफ बाहेर सोडायची, मिनिटाला दीडशेच्या वर श्वास होतात, आणि ती वाफ म्हणजे प्यालेलं पाणीच. म्हणून दुपारी पाण्याचं भांडं रिकामं राहणं म्हणजे सरळ कोंबडी घालवणं.

आता पाण्याची आमच्याकडे काय स्थिती, तर नळाला तिघरा धरणाचं पाणी येतं आणि उन्हाळा आला की बरेचदा एक दिवसाआड. मधल्या दिवशी गच्चीवरच्या काळ्या टाकीचं वापरायचं, आणि ते दुपारी दोन वाजता हातावर घेऊन बघा, चहा टाकता येईल. कोंबडी गरम पाणी पीत नाही, चोच लावते आणि निघून जाते, आणि आपण म्हणतो भांडं तर भरलेलं होतं. म्हणून नळ येतो त्या पहाटे मी दोन मोठे रांजण भरून निंबाखाली ठेवते, कोंबड्यांचं पाणी त्यातूनच, टाकीतून नाही. प्यायला प्लास्टिकच्या लाल-पांढऱ्या ड्रिंकरऐवजी उन्हाळाभर मातीच्या पसरट नांदी, कुंभाराकडे मिळतात, गाईम्हशींच्या असतात त्याचं छोटं रूप. माती झिरपते, वारा लागतो, पाणी गार राहतं. आणि इथली हवा कोरडी ठणठणीत असल्यामुळे हे छान जमतं, खुराड्याच्या पश्चिमेला ओलं बारदान बांधलं तरी आत लगेच फरक कळतो. जुलैत हवा दमट झाली की तेच बारदान कुचकामी, उलट आत कोंदट होतं, तेव्हा काढून टाकायचं.

नांद एकच ठेवू नका. हे कोणी सांगत नाही म्हणून मुद्दाम सांगतेय. आमच्यात एक तांबडी आहे, भारी दादागिरी. एका दुपारी मी खिडकीत बसून नुसतं बघत होते, ही नांदीच्या कडेला ठाण मांडून बसलेली, पाणी पिऊन झालेलं, गार माती पोटाला लागतेय म्हणून हलत नाहीये, आणि दोन लहान कडकनाथ लांब उभ्या, चोची उघड्या, पंख अंगापासून फाकवलेले, एक पाऊल पुढे टाकलं की तांबडी मान लांबवते आणि त्या मागे सरकतात. शेवटी ती उठली तेव्हा त्या धावल्या, आणि कोंबडीचं पिणं किती सावकाश असतं ते तेव्हा कळलं. कबुतर चोच बुडवून ओढून पितं, कोंबडीला ते जमत नाही, ती घोट घेते, मान वर करते, पाणी खाली उतरू देते, परत घोट. सासूबाई म्हणतात प्रत्येक घोटाला देवाला नमस्कार करते. म्हणजे तहान भागायला तिला वेळ हवा आणि जागा हवी. तेव्हापासून तीन नांदी, एकमेकींपासून लांब, एकीला उभं राहून दुसरी दिसणार नाही अशा. एकट्या तांबडीला तीन ठिकाणी पहारा देता येत नाही.

दाण्याची वेळ पण बदलते. दाणा पचताना अंगात उष्णता तयार होते आणि ती खाल्ल्यावर काही तासांनी चढते, म्हणजे सकाळी दहाला भरपेट घातलं तर ऐन दुपारी आतून पण आग आणि बाहेरून पण. म्हणून पहाटे उजाडताच एकदा आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर एकदा, मधे दाण्याचं भांडं उचलून ठेवायचं. पहाटेचा मॅश, म्हणजे भरडलेला मिश्र दाणा, मी गार पाण्यात भिजवून देते, शिऱ्याइतका सैल, त्यानिमित्ताने पाणी पोटात जातं. पण तासाभरात संपेल एवढाच, उरला तर उचला, आंबतो. दुपारी काकडीची सालं, खरबुजाच्या बिया, टरबुजाची पांढरी साल. टरबूज मधोमध कापून बर्फाचं गार करून द्या वगैरे लाड मी करत नाही, आमच्या घरात तेवढं टरबूज उरतच नाही.

एखादी फारच गळपटली, तुरा निळसर दिसायला लागला, मान टाकली, तर तिला उचलून सावलीत साध्या गार पाण्याच्या बादलीत पोटापर्यंत बुडवायची, डोकं वर धरून. बर्फाचं पाणी नको. मग इलेक्ट्रोलाइटचं पाणी चोचीजवळ धरायचं, पिली तर ठीक, घशात ओतायचं नाही, ठसका लागून तशीच जायची.

याच दिवसांत अंड्याचं कवच पातळ होतं, हातात घेतलं की चिरतं, आणि शेजारच्या भाभी हमखास विचारतात की कॅल्शियम देत नाही का. देते की. पण धापा टाकताना रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि कवच बनायला तोच लागतो, कवच म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच ना. त्यामुळे नुसतं कॅल्शियम वाढवून पूर्ण उपाय होत नाही, आधी धाप कमी करा. तरी शिंपल्याचा जाडसर चुरा मी वेगळ्या वाटीत ठेवते आणि तो संध्याकाळी, कारण कवच मुख्यतः रात्री चढतं आणि जाड तुकडे पोटात हळूहळू विरघळत रात्रभर पुरतात. मॅशमध्ये मिसळायचा नाही, जिला हवा ती आपण खाते. कोंबड्याला आणि पिल्लांना त्याची गरज नसते.

दाणा म्हणजे नक्की काय, तर एकदाच सांगून टाकते. दुकानातला लेयर मॅश, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचा, घ्यायचा तर त्यात प्रोटीन १६ ते १८ टक्के आणि कॅल्शियम साडेतीन-चार टक्के असतं, डोक्याला ताप नाही. पण आपल्या भागात बाजरी इतकी पिकते, मुरैना-भिंडकडून येते, दाल बाजारात हिवाळ्यात चांगली मिळते, मग मी निम्मा लेयर मॅश आणि निम्मं घरचं असं करते, बाजरी, थोडा भरडलेला मका, गव्हाचा चोकर, हरभऱ्याची चुनी आणि सोयाबीनची डीओसी. सोयाबीन तर मध्यप्रदेशचंच, तेल काढून उरलेली ही पेंड प्रोटीनला सगळ्यात स्वस्त पडते. सरसोंची खली, म्हणजे मोहरीची पेंड, इथे गल्लोगल्ली मिळते म्हणून लोक घालतात, मी फारशी घालत नाही, तिच्यात असे घटक असतात की जास्त झाली तर कोंबड्यांच्या थायरॉइडला बाधतात. बाजरी आख्खीच टाका, दळायची गरज नाही, फक्त बारीक खडे खायला मिळाले पाहिजेत, कलेजी-पेठ्यातला जो पेठा असतो ना, कोंबडीचं ते जाड स्नायूंचं पोट, तिथे हेच खडे दाणा दळतात. अंगणात मोकळ्या फिरत असतील तर आपोआप मिळतात, जाळीतच असतील तर वाटीभर बारीक खडी ठेवा.

मग पाऊस. सगळ्यांना वाटतं उन्हाळा गेला, सुटलो. मला विचाराल तर कोंबड्यांना पाऊसच जास्त वाईट. उन्हात काय चाललंय ते डोळ्याला दिसतं तरी, पावसात आजार गुपचूप येतो. एक तर दाण्याला बुरशी. मागे एकदा मक्याच्या पोत्याच्या तळाला हिरवट काळं लागलेलं निघालं, कुबट वास, गोळे झालेले. सासूबाई म्हणाल्या, "ऊन पडलं की पसरून टाक गं, वाळेल, अन्न कशाला टाकायचं." मी म्हटलं, आई, वाळेल पण विष जाणार नाही. बुरशीचं जे विष असतं, अफ्लाटॉक्सिन, ते उन्हाने जात नाही, भाजूनही पुरतं जात नाही, कोंबडीचं लिव्हर धरतं. "आम्ही तर असाच घालायचो." मी म्हटलं, आणि पावसाळ्यात किती मरायच्या? यावर त्या काही बोलल्या नाहीत, पण संध्याकाळपर्यंत माझ्याशीही बोलल्या नाहीत. पोतं टाकलं. आता पावसाळ्यात पंधरवड्याला पुरेल एवढाच दाणा आणायचा, पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात, डबा विटांवर. मका कमी, बाजरी जास्त, कारण बाजरी सुकी आणि बारीक, मक्याएवढी लवकर धरत नाही.

दुसरं, ओल. कॉक्सिडिया नावाचा जीव ऊब आणि ओल मिळाली की वाढतो, पिल्लांची विष्ठा रक्ताळते, पिसं फुगवून कोपऱ्यात उभी राहतात. आणि खुराड्यातली ओल पावसापेक्षा जास्त पाण्याच्या भांड्यातून सांडते हे लक्षात घ्या. त्यामुळे पावसाळ्यात नांदी आत उचलून ठेवायच्या, तशाही त्या शेवाळतात, आणि ड्रिंकर काढायचा, तोही विटांवर चढवून कोंबडीच्या पाठीच्या उंचीला. एवढ्या एका गोष्टीने निम्मी ओल कमी होते, आत पाय घालून घाण पण करत नाहीत. खालचा भुसा रोज हलवायचा, ओला झालेला काढून नवा टाकायचा, थोडा चुना मिसळायचा. नाकाला अमोनियाचा वास आला म्हणजे उशीरच झाला. रक्त दिसलं तर जनावरांच्या डॉक्टरांना विचारून पाण्यातून अँप्रोलियम, आणि त्या दिवसांत दुसरं कुठलंही पाणी प्यायला मिळता कामा नये, नाहीतर अंगणातल्या डबक्यातलं पिऊन येतात आणि औषध भांड्यातच राहतं.

पाण्यातून औषध म्हटलं की राणीखेत म्हणजे मानमोडी रोगाची लस आठवली. ती लासोटाची लस पण पाण्यातून देता येते, आणि नळाच्या पाण्यातून दिली तर वाया, कारण लस जिवंत विषाणूची असते आणि नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्याला मारतं. मी उकळून गार केलेलं पाणी घेते, त्यात थोडी बिनसायीची दूध पावडर कालवते, त्याने उरलंसुरलं क्लोरीन पण निष्प्रभ होतं, आणि लस बर्फात ठेवून आणायची. सकाळी एक-दोन तास पाणी बंद ठेवायचं म्हणजे सगळ्या तहानेने एकदम पितात. हे पण थंड वेळेलाच, मे महिन्यात दुपारी पाणी बंद ठेवाल तर लसीआधीच जातील. एका बाटलीत शंभर-दोनशे कोंबड्यांचे डोस असतात, म्हणून गल्लीतले ज्यांच्याकडे कोंबड्या आहेत ते आम्ही एकाच सकाळी मिळून देतो, त्या दिवशी जातधर्म, उंच भिंती, गाडी कुठे लावली याची भांडणं सगळं बाजूला असतं.

पितृपक्षाच्या सुमाराला पिसं झडायला लागतात. दिवस लहान होत जातो तसं कोंबडीचं अंग जुनी पिसं टाकून नवी घालतं, दोन-तीन महिने अंडी बंद किंवा नावाला. नवीन पाळणारे घाबरतात, आजारी पडली म्हणून गोळ्या आणतात. आजार नाही तो. पीस म्हणजे जवळजवळ सगळं प्रोटीनच, ते बनवायला तिला खायला हवं, म्हणून या दिवसांत मी डीओसी वाढवते आणि जाऊबाई मुंबईहून येताना सुकट आणतात ती कुटून थोडी थोडी घालते (धुवून, खारट असते, मीठ कोंबडीला सोसत नाही, दिवाळीचा उरलेला चिवडा-शेव पण घालू नका). सुकटीच्या वासाने भाभी गच्चीवर यायचं सोडतात. तसंही नवरात्रात गल्लीत अंड्याला गिऱ्हाईक नसतं आणि कोंबड्याही घालत नाहीत, हिशोब आपोआप जुळतो. आणि पितृपक्षात कावळ्यासाठी ठेवलेलं पान एकदा तांबडीने फस्त केलं, खीर-वडे सगळं. मला वाटलं आता घरात काय होतंय, तर सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्यांना कोंबड्या आवडायच्याच."

कावळ्यांवरून एक. २०२० च्या अखेरीस इंदूरला कावळे मरून पडले आणि तपासात बर्ड फ्लू निघाला, तेव्हापासून दाणा आणि पाणी दोन्ही मी छपराखालीच ठेवते. कबुतरं, कावळे, चिमण्या त्याच भांड्यात चोच घालतात आणि वरून घाण पण करतात. चिमण्यांसाठी सकोरा वेगळा, भिंतीवर, लांब.

थंडी इथली पुण्या-मुंबईच्या लोकांना सांगून पटत नाही. जानेवारीत धुकं असं की समोरचा निंब दिसत नाही, पारा चार-पाच अंशावर. थंडीत कोंबडी जास्त खाते, अंग गरम ठेवायला, तेव्हा हात आखडता घेऊ नका. झोपायच्या आधी मूठमूठ मका आणि बाजरी, रात्रभर पचत राहते आणि उन्हाळ्यात जी उष्णता नको होती तीच आता कामाला येते. पाण्याचं उलटं होतं, भांडं भरलेलं असतं पण सकाळी पाणी इतकं गार की चोच लावून सोडून देतात, आणि पाणी कमी म्हणजे दाणा कमी, दाणा कमी म्हणजे अंडं नाही. म्हणून सकाळी आमच्या अंघोळीच्या बंबातलं कोमट पाणी आधी खुराड्यात जातं, मग घरातल्यांना. यावर आमच्या ह्यांचं म्हणणं असं की या घरात कोंबडीचा नंबर आपल्या आधी लागतो. लागतो.

थंडीतली सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे बरसीम. दूधवाल्याकडे म्हशींसाठी येतो तो हिरवा चारा, डिसेंबरपासून मार्चपर्यंत, त्याच्याकडून जुडी घ्यायची, दोरीने कोंबडीच्या डोक्याच्या उंचीला टांगायची, उड्या मारून खातात, थंडीत व्यायाम पण होतो. आठवड्या-दोन आठवड्यात बलक असा केशरी होतो की बाहेरच्या अंड्याचा बलक शेजारी ठेवला तर लिंबासारखा दिसतो. गिऱ्हाईकांना वाटतं आम्ही काहीतरी खास दाणा देतो, मी सांगते म्हशीचा चारा, विश्वास बसत नाही.

अंडी मात्र थंडीत कमीच. चांगली अंडी यायला चौदा-सोळा तास उजेड लागतो आणि डिसेंबरात इथे दिवस साडेदहा तासांचा. बल्ब लावून भरून काढता येतं, लावायचा तर पहाटे लावा, संध्याकाळी नको, एकदम बंद झाला की अंधारात दांडीवर चढता येत नाही त्यांना. मी लावत नाही. विकायचा धंदा असता तर लावला असता, घरच्या कोंबड्यांना वर्षातून थोडी सुट्टी मिळाली तर माझं काय जातंय.

होळीच्या आगेमागे अंडी भरभरून येतात आणि लगेच एक-दोन खुडूक बसतात. खुडूक कोंबडी दिवसातून एकदाच कशीबशी उठते, म्हणून दाणापाणी तिच्यापासून हातभर अंतरावर, फार जवळ नको, सांडून अंडी भिजतात. एकवीस दिवसांनी पिल्लं निघाली की मग नवीनच डोकेदुखी. पिल्लांना स्टार्टर हवा, प्रोटीन वीस टक्क्यांच्या आसपास, आणि आईचा लेयर मॅश त्यांना चालत नाही, त्यातल्या कॅल्शियमने किडनी बिघडते. पण आई त्यांचं खाते आणि पिल्लं आईचं. आम्ही यावर फळांच्या क्रेटचा उपाय काढलाय. प्लास्टिकचा क्रेट उलटा घालायचा, बाजूच्या दोन पट्ट्या कापून पिल्लू शिरेल एवढं दार करायचं, आत स्टार्टर आणि उथळ ताटलीत पाणी, ताटलीत गोटे टाकायचे म्हणजे पिल्लं बुडत नाहीत. क्रेटवर वीट ठेवायला विसरू नका, तांबडी तो उलटवते. आणि आईला खुडुकीत असेपर्यंत आणि नंतर पिल्लं मोठी होईपर्यंत स्टार्टरच दिला तरी बिघडत नाही, ती कुठे अंडी घालतेय, शिंपल्याची वाटी बाकीच्यांसाठी उंचावर टांगून ठेवायची, पिल्लांची चोच पोचणार नाही एवढ्या.